बासुंदी परत उकळली होती, तरी तिघांना उलट्या कशा? आणि मला दोन दिवस सोडून ताप-जुलाब का?

रामबागवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे पण घरात चार दिवस यावरूनच खटके उडतायत म्हणून इथे टाकतोय.

रविवारी वहिनीचं डोहाळजेवण होतं, घरीच, ४०-४५ माणसं. बासुंदी काकूंनी शनिवारी दुपारीच आटवून ठेवली, १२ लिटर दुधाची, मोठ्या भगोन्यात. फ्रीजमध्ये भगोना काही जाईना (आत आधीच दही, भाज्या, कोणाकोणाचे डबे) म्हणून ओट्यावरच जाळी झाकून ठेवला. जूनमधलं इंदूर तुम्हाला माहितीच आहे, रात्री बारालासुद्धा स्वयंपाकघरात घाम निथळतो. रात्री काकू आणि आत्या गप्पा मारत बदाम सोलत बसल्या, काप करून बासुंदीत घातले. रविवारी सकाळी परत चांगली खळखळून उकळी काढली, मग बर्फाच्या घमेल्यात ठेवून गार केली. दीडला पंगत बसली. चार-सव्वाचारला आत्या, माझा भाचा आणि शेजारचे एक काका, तिघांना उलट्या सुरू. भाच्याला तर पाऊण तासात सहा वेळा. आणखी चार-पाच जणांचं नुसतं पोट ढवळत होतं. ताप कोणालाच नाही. रात्री दहापर्यंत सगळे शांत, सकाळी पोहे खायला हजर.

मला त्या दिवशी काहीही नाही, दोन वाट्या बासुंदी खाऊनसुद्धा. पण मंगळवारी रात्री ताप, १०२, पोटात नुसता पीळ, आणि बुधवारपर्यंत बारा-पंधरा वेळा जाणं झालं. पुण्याहून आलेला माझा चुलतभाऊ, तो सोमवारी परत गेला, त्याचंही बुधवारी सेम. काकू म्हणतात बासुंदीला दोष देऊ नका, दोनदा उकळलीय, जंतू शिल्लक राहतीलच कसे, तुम्ही पोरं शनिवारी रात्री सराफ्यात (रात्रीच्या खाऊगल्लीत) गेला होतात तिथलं आहे हे. पण मग आत्या कुठे सराफ्यात आली होती? माझं डोकं चालेना झालंय. कोणी नीट समजावेल का?

जुनं_ते_सोनं

काही नाही हो, आजकालच्या पोटांत दम नाही. आमच्या लहानपणी घरी फ्रीज नव्हता, लग्नाची बुंदी पंधरा पंधरा दिवस खायचो, काही झालं नाही कोणाला. दुधातच भेसळ असणार, दुसरं काय.

सूक्ष्मदर्शी_ताई

रामबागवाला, मी २६ वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलंय, आता रिटायर. तुम्ही वेळा नीट लिहिल्यात त्याबद्दल आधी शाबासकी, कारण या विषयात घड्याळ हा पहिला साक्षीदार. लोक शेवटी काय खाल्लं त्याला धरतात आणि तिथेच फसतात.

तुमच्याकडे एक प्रकरण नाही, दोन आहेत. आधी उलट्यांचं बघू.

जेवणानंतर अडीच-तीन तासांत उलट्या, ताप नाही, बारा तासांच्या आत खेळ खलास. एवढ्या वेळात कुठलाही जंतू पोटात जाऊन, आतड्यात घर करून, वाढून आजारी पाडू शकत नाही, त्याला तेवढा वेळच मिळत नाही. म्हणजे पोटात गेलं ते तयार विष होतं. हे काम बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाच्या जंतूचं. तो आपल्याच अंगावरचा. दर तीन-चार माणसांत एकाच्या नाकात तो मुक्कामाला असतोच, त्याला काही त्रास होत नाही, पण हातावर फोड असेल, कापलेलं असेल, नखुरडं पिकलेलं असेल तिथे तो रग्गड असतो. पहिल्या उकळीनं बासुंदीतले जवळपास सगळे जंतू मेले होते, म्हणजे मैदान मोकळं झालं, आणि रात्री बदामासोबत हातावरून पुन्हा काही हजार गेले. दूध, साखर, ३५ डिग्री ऊब, स्पर्धेला कोणी नाही. अर्ध्या तासाला दुप्पट धरा, पाच तासांत हजारपट होतात. दहा तासांचा हिशोब तुम्हीच करा. साखरेनं बाकीचे जंतू नाउमेद होतात, याला तेवढं काही वाटत नाही.

आता काकूंचा मुद्दा. सकाळच्या उकळीनं जंतू मेले हे काकूंचं शंभर टक्के बरोबर. पण मरण्याआधी त्यांनी जे विष बासुंदीत सोडलं ते एक प्रकारचं प्रोटीन आहे आणि चिवट आहे, तुमच्या घरगुती उकळीला दाद देत नाही. पोटातल्या आम्लालाही देत नाही. ते आतड्यात पोचलं की तिथल्या नसांना, मुख्य म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेला, छेडतं आणि मेंदू हुकूम सोडतो की बाहेर काढा. एक मायक्रोग्रॅमच्या आत काम होतं, म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा भाग. वास नाही, चव बदलत नाही, दूध फाटत नाही.

सगळ्यांनाच का नाही झालं, तर सगळ्यांचं शरीर सारखं नसतं, कोणाच्या वाटीत किती आलं तेही सारखं नसतं. लहान मुलाला कमी मात्रेत जास्त त्रास.

एक विचारते, रागावू नका. बदाम सोलणाऱ्यांपैकी कोणाच्या हाताला काही लागलं होतं का? आणि दुसरं, शनिवार ते सोमवार तुम्ही आणि तुमच्या भावानंच फक्त खाल्लं असं काय काय होतं? सगळं लिहा, लपवू नका.

अण्णा_पंगत

ताईंनी बरोबर सांगितलं. मी आचारी, तीस वर्षं झाली लग्नाकार्याचे स्वयंपाक करतोय, इंदूर-देवास-उज्जैन. बासुंदी, रबडी, खव्याचं काही असलं की मी एक नियम पाळतो, गार करायला भगोन्यात ठेवायचीच नाही. भगोना मोठा असला की मधला भाग पाच-सहा तास कोमट राहतो, वरून हात लावला तर गार लागतो पण झारा आत घातला की वाफ. आम्ही चार पसरट पराती घेतो, खाली बर्फ, बोटभर उंच थर, हलवत राहायचं, तासाभरात उतरते, मग लगेच डीप फ्रीझरमध्ये. सुका मेवा वाढायच्या आधी, आणि तो हातानं नाही घालायचा. पोरांच्या बोटाला पट्टी दिसली की त्याला मी भांडी, टेबलं देतो, कढईजवळ येऊ देत नाही. लोकांना वाटतं अण्णा खडूस आहे.

आणि पंगतीला मसालेभात असेल तर त्याचंही बघा भिया, तांदळाचं प्रकरण वेगळंच असतं, ताई सांगतील. डाळीच्या मोठ्या भगोन्याचंही. आमच्या धंद्यात रात्री केलेली डाळ सकाळी गरम करून वाढली आणि संध्याकाळी निम्मं वऱ्हाड मोऱ्यांपाशी, असं मी तरुणपणी एकदा डोळ्यांनी बघितलंय. उलटी कोणाला नाही, नुसती कळ आणि जुलाब. तेव्हा मालकानं पाण्यावर ढकललं.

सूक्ष्मदर्शी_ताई

अण्णा, ती डाळीची गोष्ट एखाद्या पुस्तकात घालावी अशी आहे. तो बहुतेक क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. त्याची तऱ्हा स्टॅफच्या उलटी. हा आणि तांदळातला बॅसिलस सीरियस, दोघं बीजाणू करतात, म्हणजे चिलखत घालून झोपून राहतात. शिजवण्यानं मरत नाहीत, उलट जागे होतात. मग भगोना हळूहळू गार होताना ४५ डिग्रीच्या आसपास परफ्रिंजेन्स दहा-दहा मिनिटांत दुप्पट होतो. तो जिवंतच पोटात जातो, लाखोंनी, आणि आतड्यात पोचल्यावर पुन्हा चिलखत चढवताना विष सोडतो. म्हणून वेळ लागतो, ८ ते १६ तास, आणि विष खालच्या अंगाला सुटतं म्हणून उलट्या नाहीत, कळ आणि जुलाब. सकाळी ती डाळ वाढण्याआधी नुसती कोमट न करता खरोखर खळखळून उकळली असती तर तुमचं वऱ्हाड बहुधा वाचलं असतं, कारण इथे जिवंत जंतूच मुद्द्याचा आहे. स्टॅफच्या बासुंदीला मात्र उकळून उपयोग नव्हता. तांदळातला बॅसिलस दोन्हीकडून खेळतो, त्याचा एक प्रकार उलटीचं विष भातातच तयार करून ठेवतो आणि ते तर स्टॅफच्या विषापेक्षाही टणक, तो भात फोडणी देऊन परतला तरी तसंच राहतं.

रामबागवाला

ताई, काकूंच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला विळीनं कापलेलं होतं, गुरुवारी, पट्टी लावलेली. मला आत्ता आठवलं. फोटोत पण दिसतेय पट्टी, बदामाच्या ताटाशेजारी. काकूंना अजून सांगितलेलं नाही आणि कसं सांगायचं तेही कळत नाहीये.

दुसरं जे विचारलंत ते. (घरचं कोणी इथे नसावं अशी आशा.) शनिवारी रात्री सराफ्यात जायच्या आधी आम्ही दोघं बाहेर तंदुरी चिकन खाऊन गेलो. घरी चालत नाही, डोहाळजेवणाच्या आदल्या रात्री तर अजिबातच नाही, म्हणून सगळ्यांना फक्त सराफा सांगितलं. हाडापाशी गुलाबी होतं खरं, भाऊ म्हणाला तंदुरी असंच असतं. सोबत कच्चा कांदा, हिरवी चटणी. मग सराफ्यात भुट्ट्याचा कीस, दहीवडा, शिकंजी, पण तिथे बाकीची चार भावंडंही होती, त्यांना काही झालं नाही.

आणखी एक, मी रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतो, सहा-सात महिने झाले. आणि बुधवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून जुलाब थांबायची गोळी आणि अँटिबायोटिक आणून एक एक डोस घेतलाय. आज सकाळी शौचात रक्ताची रेघ दिसली, थोडी घाबरगुंडी उडाली आहे.

तिलकनगर_केमिस्ट

भाऊ आधी ती जुलाब थांबवायची गोळी बंद करा. ताप आणि रक्त असेल तेव्हा ती घ्यायची नसते, आतडं हलायचं थांबतं आणि घाण आतच मुरते. अँटिबायोटिकही स्वतःहून पुढे घेऊ नका, आज डॉक्टरकडे जा, स्टूल कल्चर (शौचातले जंतू वाढवून बघायची तपासणी) करायला सांगा. मी स्वतः दुकानात बसतो, लोक येतात, "लूज मोशनचं द्या", आणि मी विचारलं ताप आहे का, रक्त आहे का, तर चिडतात, पुढच्या दुकानात जातात. पुढचा देतो. ओआरएस चालू ठेवा, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, एक लिटरची पुडी ग्लासात ढवळून पिणारी माणसं मी बघितलीत. आणि ओआरएससारखे दिसणारे गोड ज्यूसचे टेट्रापॅक घेऊ नका, त्यात साखर जास्त असते, जुलाब वाढतात.

सूक्ष्मदर्शी_ताई

केमिस्ट भाऊंशी पूर्ण सहमत, आधी डॉक्टर, मग माझं पुराण वाचा.

तंदुरी शनिवारी रात्री, त्रास मंगळवारी रात्री तुम्हाला, बुधवारी भावाला. तीन-चार दिवस. ताप, पीळ, रक्त. कोंबडी अर्धी कच्ची. ही सगळी लक्षणं कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या, कच्च्या कोंबडीतून येणाऱ्या जंतूकडे बोट दाखवतात, साल्मोनेला हा दुसरा जंतू असता तर सहसा ६ ते ७२ तासांत बोलला असता, तोही कडेला बसतोय म्हणून त्याला पूर्ण सोडत नाही. सराफ्याचा दोष यात मला तरी दिसत नाही, कारण चार भावंडं ठणठणीत आहेत.

आता आत काय झालं ते. जठरातलं आम्ल हा आपला दरवान. जेवणाच्या आधी तिथला सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल कडक) २च्या आसपास असतो, बहुतेक जंतू तिथेच गारद. तुमच्या रोजच्या गोळीनं दरवानाला झोपवलंय. पूर्वी स्वयंसेवकांना कॉलऱ्याचे जंतू पाजून प्रयोग झाले होते, नुसत्या पाण्यातून लागायचे त्यापेक्षा खाण्याच्या सोड्यासोबत दिले तर हजारो पटींनी कमी जंतू पुरायचे, का तर सोड्यानं आम्ल मारलं. गोळी का चालू आहे, अजून लागते का, ते डॉक्टरांना विचाराच. आणि काही जंतूंना मुळात थोडेच लागतात, कॅम्पायलोबॅक्टर काहीशे पुरतो, शिगेला तर १० ते १०० सुद्धा.

दरवान ओलांडला की लहान आतडं. तिथे भिंतीवर बुळबुळीत थर असतो, जंतू भिंतीला लागू नयेत म्हणून. कॅम्पायलोबॅक्टर मळसूत्रासारखा पिळाचा असतो, बाकीचे जिथे अडकतात तिथे हा बूच काढायच्या स्क्रूसारखा फिरत फिरत थर पार करतो. मोठ्या आतड्यापर्यंत जातो, तिथल्या पेशींच्या आत शिरतो. साल्मोनेलाचं तंत्र अजून पुढचं, त्याच्याकडे अक्षरशः सुई असते, ती पेशीला टोचून आत अशी प्रथिनं सोडतो की पेशीच स्वतःचा पापुद्रा वर उचलून त्याला आत घेते. शिगेला आत शिरला की पेशीचेच धागे आपल्यामागे शेपटीसारखे लावून या पेशीतून शेजारच्या पेशीत घुसतो, बाहेर यायची गरजच नाही. मग आपली फौज धावते, पांढऱ्या पेशी, सूज, ताप, भिंतीला जखमा. रक्त आणि पीळ येतो तो तिथून. खरं सांगायचं तर तुमचा निम्मा त्रास तुमच्याच फौजेनं केलेला आहे.

याच्या बरोब्बर उलट कॉलरा आणि प्रवासात होणारे ते साधे पाण्यासारखे जुलाब (विष सोडणारे ई-कोलाय). ते आत शिरतच नाहीत. भिंतीला चिकटून बसतात आणि विष सोडतात, ते विष पेशीत एक खटका चालू स्थितीत अडकवून टाकतं, क्लोराइड बाहेर, मागोमाग सोडियम, मागोमाग पाणी. ताप नाही, रक्त नाही, भिंत शाबूत, फक्त नळ उघडा. हे विषाचंच काम आहे हे १९५९ साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी दाखवलं, सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी सोडलं आणि तो तुकडा फुगला. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी असं विष असणार असा तर्क १८८४ मध्येच केला होता, पण सिद्ध व्हायला ७५ वर्षं गेली. आपल्याकडे डे हे नाव शाळेच्या पुस्तकात नसतं याचा मला अजून राग येतो.

ओआरएस का चालतं तेही याच्यातच आहे. बाहेर जायचा नळ उघडा पडला तरी आत घ्यायचं एक दार चालू असतं, तिथून ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालूनच आत जातात, आणि पाणी त्यांच्यामागून. नुसतं मीठ नाही चालत, नुसती साखर नाही चालत. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून पाजलं, आणि जिथे शंभरात तीस मरत होते तिथे तीन-चारावर आणलं.

जुनं_ते_सोनं

ताई माहिती चांगली आहे पण मग आमच्या वेळी का नव्हतं होत हे सांगा. तेव्हा कुठे पराती नि बर्फ.

सूक्ष्मदर्शी_ताई

काका, तुमची बुंदी पंधरा दिवस टिकली कारण पाक घट्ट, पाणी कमी, जंतूला प्यायला थेंब नाही. बासुंदी तशी नाही. आणि फ्रीज नव्हता म्हणून तुमची आई दूध सकाळ-संध्याकाळ तापवायची, बासुंदी केली की त्याच पंगतीत संपवायची, उरलं तर शेजारी वाटी जायची. फ्रीज आला आणि आदल्या दिवशी करून ठेवायची सोय आली, फक्त भगोना त्यात मावला नाही. आणि होत नव्हतं असं नाही हो. माझ्या आजीची अकरा बाळंतपणं झाली, जगले ते पाच, त्यांचे वंशज आम्ही. बाकीच्यांतली दोन "हगवणीनं" गेली एवढंच घरात सांगतात.

रामबागवाला

अपडेट. परवा डॉक्टरकडे गेलो. त्यांनी ती थांबवायची गोळी बंदच करायला लावली, अँटिबायोटिक बदलून तीन दिवसांचं दिलं. ताप आज नाही, रक्तही नाही. स्टूलच्या रिपोर्टात पस सेल्स (पांढऱ्या पेशी) १५-२०, लाल पेशी थोड्या. कल्चरचं आज आलं, "साल्मोनेला, शिगेला आढळले नाहीत". म्हणजे तो तुमचा मळसूत्रवाला नव्हता का? आणि वहिनीला सातवा महिना आहे, तिनं दोन घास बासुंदी खाल्ली होती, तिला काही नाही झालं, पण बाळाची काळजी वाटतेय.

सूक्ष्मदर्शी_ताई

रिपोर्ट नीट वाचा, साल्मोनेला-शिगेला नाही एवढंच लिहिलंय. कॅम्पायलोबॅक्टरला वेगळं माध्यम, कमी ऑक्सिजन आणि ४२ डिग्री लागतात, कोंबडीच्या अंगाइतकी ऊब, ते मुद्दाम सांगितल्याशिवाय सहसा लावत नाहीत. शिवाय तुम्ही आधीच अँटिबायोटिकचा डोस घेतला होता, त्यानं कल्चर बिघडतं. तेव्हा नव्हता असंही म्हणता येत नाही. बरे होताय ते महत्त्वाचं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा चढत गेला तर मात्र ताबडतोब दाखवा, क्वचित होतं, पण या जंतूनंतर होतं.

वहिनींचं. स्टॅफचं विष उलटीपुरतं, बाळापर्यंत जात नाही, आणि त्यांना उलटीही झाली नाही. गरोदरपणात धास्ती असते ती लिस्टेरियाची, तो फ्रीजमध्येसुद्धा वाढतो आणि आतड्याची भिंत ओलांडून गर्भाशयातल्या वारेपर्यंत पोचू शकतो. पण तो उकळीत मरतो. त्यांना फक्त कच्च्या दुधाचं काही आणि फ्रीजमध्ये बरेच दिवस पडलेलं न तापवता देऊ नका. ताप आला तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, एवढंच.

अण्णा_पंगत

आणि काकूंना एकटीला धरू नका. बारा लिटरची बासुंदी एकट्या बाईनं आटवली, तीन-चार तास उभं राहून, हात कापलेला असताना. घरात पुरुषमाणसं किती होती?

रामबागवाला

पाच. समजलं अण्णा.

शेवटचा प्रश्न. दीड लिटरभर बासुंदी अजून डीप फ्रीझरमध्ये डब्यात आहे. काकू म्हणतात, वाया कशाला, आटवून वड्या करते, चांगली कडक आटवली की काही राहत नाही.

सूक्ष्मदर्शी_ताई

फेका. गोठवून विष जात नाही आणि आटवून तर तेच विष कमी जागेत येतं. गाईलाही घालू नका, मांजरालाही.

रामबागवाला

फेकली, डब्यासकट. काकूंना सांगितलं हातातून सुटला. चिकनचं अजून सांगितलेलं नाही.